मोबाईलचे तास मोजू नका, हरवलेली झोप मोजा

सत्र परीक्षा जवळ आल्या की माझ्या दवाखान्यात महाविद्यालयीन मुलामुलींची गर्दी वाढते. तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. डोके दुखते, पित्त होते, डोळे चुरचुरतात, अंगात त्राण नाही, वाचलेले लक्षात राहत नाही. कोणी टॉनिक मागतो, कोणी सलाईन लावा म्हणतो, कोणाला बी-ट्वेल्व्हचे इंजेक्शन हवे असते. मी रक्तदाब पाहतो, हिमोग्लोबिन तपासतो, गरज वाटल्यास थायरॉईडची तपासणी करून घेतो. दोष सापडला तर त्यावर उपचार करतो. परंतु पुष्कळदा सगळे अहवाल व्यवस्थित येतात. अशा वेळी मी एक साधा प्रश्न विचारतो, "रात्री झोपतोस किती वाजता?"

उत्तर येते, "दीड-दोन होतात, डॉक्टर."

"तोपर्यंत अभ्यास?"

मुलगा खाली पाहतो आणि सोबत आलेली आई बोलू लागते, "कसला अभ्यास, डॉक्टरसाहेब! सगळं त्या मोबाईलमुळं. तुम्हीच सांगा त्याला." आईचे म्हणणे अर्धे खरे असते. उरलेले अर्धे मुलाच्या मनात असते आणि ते त्याला कोणी विचारलेले नसते. म्हणून आजचा लेख विद्यार्थी आणि पालक या दोघांसाठी आहे.

याला व्यसन म्हणावे का?

दारू किंवा तंबाखूप्रमाणे मोबाईलमधून कोणताही पदार्थ शरीरात जात नाही. तरीही एखाद्या कृतीचे व्यसन लागू शकते, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. जुगाराचे उदाहरण जुने आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, डिजिटल खेळांच्या अनावर नादाचाही समावेश केला. मात्र इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप, रील्स यांचे व्यसन असा स्वतंत्र आजार त्या यादीत नाही. शास्त्रज्ञांमध्ये त्याविषयी अजून एकमत झालेले नाही. त्यामुळे दोन तास मोबाईल पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘व्यसनी’ म्हणून मोकळे होणे योग्य नव्हे.

पण आजाराच्या यादीत नाव नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. गरज नसती तर तो काढावा लागला नसता.

मग ओळखायचे कसे? नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये फेसबुकसाठी एक प्रश्नावली तयार केली आणि पुढे ती सर्वच सोशल मीडियासाठी वापरात आली. तिचा गाभा सहा गोष्टींत आहे. मागील वर्षभराचा विचार करून प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःशी प्रामाणिकपणे उत्तरे द्यावीत.

१. मोबाईल हातात नसतानाही मन त्यातच घोटाळत असते का?
२. पूर्वी अर्ध्या तासात भागत असे, आता दोन तासही पुरत नाहीत, असे झाले आहे का?
३. घरचा ताण, निकाल, भांडण विसरण्यासाठी मोबाईल उघडता का?
४. कमी करायचे ठरवून पुन्हा पुन्हा अपयश आले आहे का?
५. नेट बंद पडले किंवा मोबाईल कोणी घेतला तर अस्वस्थ होता का, चिडता का?
६. त्यापायी अभ्यास, काम किंवा नाती यांचे नुकसान झाले आहे का?

यांपैकी चार किंवा अधिक गोष्टी वारंवार घडत असतील तर सावध व्हावे. हे निदान नव्हे, केवळ इशारा आहे. आणि लक्षात घ्या, या सहांत ‘रोज किती तास?’ हा प्रश्न कोठेही नाही. तास महत्त्वाचे नाहीत असे नाही. पण त्या तासांनी आयुष्यातून काय काढून घेतले, हे अधिक महत्त्वाचे आहे. परगावी शिकणारी मुलगी रोज रात्री तासभर आईशी व्हिडिओवर बोलत असेल तर तिला औषधाची गरज नाही. उलट जेमतेम दीड तास मोबाईल पाहणारा मुलगा तो दीड तास रात्री एक ते अडीच या वेळेत पाहत असेल, तर मला त्याची काळजी वाटते.

मन अडकते कशामुळे?

"त्याला मनावर ताबाच नाही," असे पालक म्हणतात. पण दोष एकट्या मनाचा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कळीवर चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर कबूतर पोट भरले की थांबते आणि दाणे बंद झाले की लवकरच नाद सोडते. पण कधी दुसऱ्या टोच्याला दाणा, कधी विसाव्या टोच्याला, असा बेभरवशाचा प्रकार ठेवला तर ते टोचतच राहते. दाणा बंद केल्यावरही कितीतरी वेळ टोचते.

मोबाईलचा पडदा अंगठ्याने वर सरकवणे हे असेच टोचणे आहे. नऊ रील्स टाकाऊ निघतात, दहावे मजेदार असते. मेंदूतील डोपामिन हे रसायन प्रत्यक्ष सुखापेक्षा सुखाच्या अपेक्षेने अधिक उसळते. म्हणूनच "आता शेवटचे एक" म्हणता म्हणता तास निघून जातो. त्यातून २००६ च्या सुमारास न संपणाऱ्या पानाची युक्ती निघाली. वर्तमानपत्राचे पान संपते, पुस्तकाचे प्रकरण संपते, तेथे थांबायची आठवण होते. मोबाईलच्या पानाला शेवटच ठेवलेला नाही. २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाईक’चे बटण आले आणि आपल्याबद्दल लोकांना काय वाटते हे आकड्यांत मोजता येऊ लागले. आपल्याकडे २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि हे सारे गावागावांत पोहोचले.

हे सांगण्याचा हेतू मुलांना सबब पुरवण्याचा नाही. विरुद्ध बाजूला मोठमोठ्या कंपन्यांची हुशार माणसे बसलेली असताना केवळ ‘मनोनिग्रह कर’ हा उपदेश अपुरा पडतो. त्यासाठी मोबाईल हातापासून दूर राहील अशी व्यवस्थाच करावी लागते. ती कशी करायची ते पुढे पाहू.

पहिला घाव झोपेवर

माझ्या अनुभवात सर्वांत आधी बिघडते ती झोप. अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुणाला सात ते नऊ तास झोप लागते. पडद्याच्या प्रकाशाने झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे लांबते. प्रकाशापेक्षाही मजकूर अधिक त्रास देतो. कोणाचे भांडण, कोणाची नोकरी, कोणाचा अपमान, मग विनोद, मग अपघात, असे दर अर्ध्या मिनिटाला मन हेलकावे खात असेल तर ते निवणार कसे?

दिवसा वाचलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो. झोप तोडली की वाचलेले लक्षात राहत नाही. लक्षात राहत नाही म्हणून भीती वाटते. भीती घालवायला पुन्हा मोबाईल. सकाळी उशिरा उठल्याने नाश्ता बुडतो, पित्त वाढते, पहिला तास चुकतो. चिडचिड वाढते. दीर्घकाळ झोप बिघडलेल्या माणसाला पुढे नैराश्य येण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे डोकेदुखी आणि पित्तावर गोळी देऊन भागत नाही. मूळ रात्री दीड वाजता शोधावे लागते.

मनावर परिणाम खरेच होतो का?

याविषयी टोकाची विधाने ऐकू येतात. वस्तुस्थिती मधली आहे. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सुरू झाले आणि नंतर एकेका महाविद्यालयाला खुले होत गेले. संशोधकांनी याच क्रमाचा उपयोग करून, ज्या महाविद्यालयांत ते पोहोचले तेथील विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याची तुलना जेथे ते पोहोचले नव्हते तेथील विद्यार्थ्यांशी केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फेसबुक आल्यानंतर विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य बिघडल्याचे दिसले. इतरांशी सतत होणारी तुलना हे त्यामागचे कारण असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

दुसरा अभ्यास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला, २०१८ सालचा. १४३ विद्यार्थी घेतले. काहींना फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहा मिनिटेच वापरायला सांगितले, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे. तीन आठवड्यांनी पहिल्या गटात एकटेपणा आणि उदासपणा कमी झाल्याचे आढळले. गंमत अशी की चिंता मात्र दोन्ही गटांत कमी झाली. दोन्ही गट आपला वापर नोंदवून पाठवत होते. केवळ नोंद ठेवल्यानेही फायदा होत असावा. आपण वजन करू लागलो की खाण्याकडे आपोआप लक्ष जाते, तसेच हे.

याउलट, २०१९ मध्ये लाखो किशोरवयीन मुलांच्या माहितीवरून केलेल्या एका अभ्यासात पडद्याच्या वापराचा मनःस्वास्थ्याशी असलेला सरासरी संबंध अगदी किरकोळ निघाला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. शंभरांपैकी बहुतेकांना फारसे काही होत नाही, मोजक्यांना मात्र फार त्रास होतो. साखर सर्वांच्याच चहात असते, पण मधुमेह सर्वांना होत नाही. आपल्याला शोधायचे आहे ते त्या मोजक्यांना.

विद्यापीठात जाण्याचे वय यासाठी नाजूक आहे. घर सुटलेले असते. तीन-चार जणांत खोली घेतलेली, मेसचा डबा, नवे शहर. गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा येथे पन्नासावा असतो. कोणाचे इंग्रजी चांगले, कोणाची गाडी भारी. भरीला मोबाईलमध्ये जुन्या मित्राचा पुण्याच्या कंपनीतला फोटो. त्या मित्राचे कर्ज आणि त्याची रात्रपाळी फोटोत दिसत नाही. आपल्या संपूर्ण दिवसाची तुलना दुसऱ्याच्या निवडक क्षणाशी होते आणि आपण मागे पडलो असे वाटू लागते.

आधी मोबाईल की आधी उदासी?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका मुलाचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. वडिलांनी रागाने मोबाईल काढून घेतला, तेव्हापासून मुलाने जेवण टाकले. वडील त्याला घेऊन आले आणि म्हणाले, "याचं व्यसन सोडवा." वडिलांना बाहेर बसवून मुलाशी बोललो. त्याचे तीन विषय राहिले होते आणि हे घरी कोणालाच माहीत नव्हते. फीसाठी वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढलेले. क्रिकेट सोडले होते, मित्रांशी बोलणे तोडले होते, पहाटे चारला जाग येत होती. तो म्हणाला, "डॉक्टर, मोबाईल हातात असला की विचार येत नाहीत. खाली ठेवला की सुरू होतात."

हे मोबाईलचे व्यसन नव्हते, नैराश्य होते. मोबाईल हे त्याने स्वतःच शोधलेले वेदनाशामक होते, वाईट आणि अपुरे. ते एकाएकी काढून घेतल्याने दुखणे उघडे पडले. मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्या आणि समुपदेशन सुरू झाले. राहिलेल्या विषयांची गोष्ट त्याने माझ्या दवाखान्यातच वडिलांना सांगितली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढंच होतं तर सांगायचंस की." आजही तो मोबाईल पाहतो, पण रात्री साडेअकराला दिवा मालवतो आणि पुन्हा मैदानावर जाऊ लागला आहे.

म्हणून पालकांनी मोबाईलच्या पलीकडे पाहावे. पुढील लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज टिकली तर ती ‘मोबाईलची नाटके’ समजू नयेत: सतत उदास वाटणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस न उरणे, झोप किंवा भूक फार कमी वा फार जास्त होणे, विनाकारण थकवा, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार. यावर चांगले उपचार आहेत. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत कंटाळू नये आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नयेत. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

१. सुरुवात झोपेपासून करावी. मोबाईल उशाशी नको. खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावावा. "गजर कसा लावू?" असे विचाराल तर गजराचे साधे घड्याळ आणावे. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, रविवारीही.
२. सात दिवस वहीत नोंद करावी: मोबाईल केव्हा उघडला आणि त्या वेळी मनात काय होते. कंटाळा, भीती की एकटेपणा, हे कळले की निम्मे काम झाले.
३. अनावश्यक नोटिफिकेशन बंद करावीत. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आवश्यक असतो, तो राहू द्यावा. रील्सचे ॲप मोबाईलवरून काढून टाकावे. पाहायचेच असेल तर दिवसाची एक वेळ ठरवून संगणकावर पाहावे.
४. अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा मित्राकडे द्यावा. उलटा करून टेबलावर ठेवण्याने मन त्याच्यावरच राहते.
५. मेसमध्ये जेवताना मोबाईल खिशात. समोर बसलेल्याशी बोलावे.
६. रिकामा झालेला वेळ रिकामा ठेवू नये. रोज अर्धा तास भरभर चालणे, सायकल, मैदान, काहीही चालेल. व्यायामाने झोप आणि मन दोन्ही सुधारतात.
७. पहिले काही दिवस चुळबुळ होईल, चिडचिड होईल. ती ओसरते. एखादा दिवस घसरलात तर सगळे संपले असे मानू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे.

पालकांनी आणि महाविद्यालयांनी काय करावे?

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना सोशल मीडियाची खाती ठेवण्यास मनाई केली. पण विद्यापीठातला मुलगा सज्ञान असतो. त्याच्यावर बंदी चालत नाही, करार चालतो. मोबाईल हिसकावणे, चोरून त्याचे संदेश वाचणे, नातेवाइकांसमोर टोमणे मारणे टाळावे. फोनवर पहिला प्रश्न "अभ्यास झाला का?" ऐवजी "झोप झाली का? जेवलास का?" असा असावा. निकाल वाईट लागला तरी घराचे दार उघडे आहे, हे मुलाला निकालाआधीच माहीत असले पाहिजे.

नियम करायचा तर तो सर्वांसाठी करावा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरवून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की साडेआठपर्यंत दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे तो भोंगा केवळ मुलांसाठी नव्हता, मोठ्यांसाठीही होता. बाप स्वतः जेवताना रील्स पाहत असेल तर मुलाला उपदेश करण्यात अर्थ नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. आपल्या महाविद्यालयात तो आहे का, कोणत्या वारी बसतो, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

थांबू नये अशी वेळ

मुलगा किंवा मुलगी "जगण्यात अर्थ नाही", "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असे बोलू लागली, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागली किंवा निरोपाचे संदेश पाठवू लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" असे शांतपणे सरळ विचारावे. विचारल्याने असे विचार मनात भरत नाहीत; उलट सांगायला वाट मिळते. तिला एकटे सोडू नये. घरात शेतीची कीटकनाशके असतील तर ती कुलपात ठेवावीत आणि किल्ली आपल्याजवळ बाळगावी. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी न्यावे. पोलिसांच्या भीतीने लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा व्यक्तीकडे तीव्र ताणाखालील व्यक्ती म्हणून पाहायला सांगितले आहे, आणि तिला उपचार मिळणे ही शासनाची जबाबदारी मानली आहे.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याने मोबाईलमध्ये नोंदवून ठेवावा, स्वतःसाठी नाही तर खोलीतल्या मित्रासाठी. रात्री दोन वाजता शेजारच्या कॉटवर कोणाच्या तोंडावर पडद्याचा उजेड रोज दिसत असेल, तर सकाळी चहाला त्याला सोबत न्या आणि विचारा, "झोप का येत नाही रे तुला?" मग मध्ये न बोलता त्याचे ऐकून घ्या.